येथून तेथून : शिवणाऱ्या हातांचा हिशेब



गेल्या वर्षीच्या स्मरणिकेत याच सदरात मी आपल्या पूर्वजांच्या करारपत्रांविषयी लिहिले होते. कोकणातून मुंबई बंदरावाटे जे आपले बांधव या बेटावर उतरले, त्यांना दरमहा पाच रुपये मजुरी कबूल केलेली असे. परंतु एक दिवस कामावर न गेल्यास दोन दिवसांची मजुरी कापावी, असा 'डबल कट'चा नियमही त्यांच्या माथी होता. महिनाअखेर हाती काय पडणार हे ठरविणारी वही मालकाच्या मेजावर असे. ती वाचू शकणारा मजूर विरळाच. १८७१ मध्ये अडोल्फ द प्लेव्हिट्झ यांच्या साहाय्याने नऊ हजारांहून अधिक जुन्या स्थलांतरितांनी गव्हर्नरांकडे अर्ज केला आणि १८७२ मध्ये राजनियुक्त आयोग चौकशीस आला, तेव्हा कोठे त्या वहीची पाने जगापुढे उघडली.

यंदा शाळेच्या सुट्टीत मी मुंबईस गेले असता त्या वहीची मला पुन्हा आठवण झाली. ती कशी झाली, हे सांगण्यासाठीच आजचा हा लेख.

अंधेरीस एका परिचित कुटुंबात मी तीन आठवडे राहिले. पाहुणी म्हणून नव्हे, घरचीच म्हणून. नळास पाणी पहाटे येई आणि दोन तासांत जाई. तेवढ्यात पिंप, कळशा, बादल्या भरून घेणे हे घरातील पहिले काम. त्यात मलाही वाटा मिळाला. सायंकाळी लोकलच्या बायकांच्या डब्यात तिघींच्या बाकावर चौथी म्हणून टेकण्याची कला मी शिकले. परतीच्या वाटेवर गाडीतच मेथी निवडून ठेवणाऱ्या नोकरदार बायका पाहिल्या. त्या बायकांस दिवसाच्या घटका पुरत नाहीत. म्हणून त्या प्रवासातून घटका काढतात.

माझी मराठी ऐकून लोक प्रथम हसत, मग चौकशी करीत. "बाई, तुम्ही आमच्या गावच्या म्हाताऱ्या आजीसारख्या बोलता," असे एकीने म्हटले. मला त्याचे वाईट वाटले नाही. माझ्या आजीचीच ती भाषा होय.

अंधेरी पूर्वेस, महाकाली लेण्यांच्या बाजूस, झोपडवस्तीतील स्त्रियांसाठी 'क्रिएटिव्ह हँडिक्राफ्ट्स' ही संस्था इसाबेल मार्टिन या स्पॅनिश धर्मभगिनीने १९८४ मध्ये सुरू केली. आरंभी कापडी खेळणी शिवणाऱ्या बायका पुढे तयार कपडे शिवू लागल्या. काळ लक्षात घेण्याजोगा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यांतील असंख्यांची नोकरी पुन्हा कधीच उभी राहिली नाही. घरच्या पुरुषाचा पगार थांबला की स्त्रीने शिवणयंत्रापुढे बसावे, अशी गत त्या काळी अनेक घरांची झाली. ज्या कोकणाने आपले पणजोबा उसाच्या मळ्यात धाडले, त्याच कोकणाने आपले पुत्र गिरणीतही धाडले होते, हे आपण विसरू नये.

अशाच रीतीने चालणाऱ्या, त्या परिसरातील एका लहानशा गटात मी चार दिवस जाऊन बसले. एक लांबट खोली, दहा-बारा यंत्रे, कोपऱ्यात कटिंगचे मेज, दारापाशी चपलांची रांग. छापील सुती कापडाचे कुर्ते चालले होते. एकजण काज-बटण करीत होती, दुसरी लोंबते धागे कापीत होती. मला उगीच मध्ये उभी पाहून एका प्रौढ बाईने माझ्या हाती कातर दिली. "मावशी, मला जमेल का?" असे मी विचारले. "धागा तेवढा कापा, कापड नको," असे उत्तर मिळाले.

दुपारी डबे उघडले. रत्नागिरीकडच्या एकीने भाकरीवर सुकट घालून माझ्यापुढे केली. शेजारीण उत्तर प्रदेशाची, पलीकडची सांगलीची. धर्म निराळे, बोली निराळ्या, चटणी मात्र सर्वांची सामाईक.

जेवणानंतर मावशींनी एक वही काढली. नवीन कुर्त्याची मजुरी ठरवावयाची होती. एक बाई शिवावयास बसली, दुसरी घड्याळ घेऊन. बाही जोडण्यास किती मिनिटे, गळ्यास किती, तुरपाईस किती, हे सारे वहीत लिहिले गेले. दिवसभरात असे किती नग होतील हे काढून, दिवसाची मजुरी पुरेशी पडावी असा एका नगाचा दर त्यांनी मांडला. मग कापड, दोरा, बटणे, वीज, यंत्राची दुरुस्ती, इस्त्री, बांधणी यांचा खर्च त्यात मिळविला. घड्याळ धरणारी बाई "तू आज फार झपाट्याने शिवतेस, रोज असे होणार नाही," असे म्हणून हसली आणि दोन मिनिटे वाढवून घेतली. त्या दोन मिनिटांवर खोलीत बराच वेळ वाद झाला.

वाचकहो, न्याय्य व्यापार म्हणतात तो हाच. जागतिक न्याय्य व्यापार संघटनेच्या दहा तत्त्वांत योग्य मजुरी, बालमजुरीस बंदी, स्त्री-पुरुषांस समान वागणूक ही तत्त्वे आहेत. हस्तव्यवसायाच्या मालासाठी, मागणी केल्यास, ग्राहकाने निम्मी रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावी, असाही दंडक आहे. त्यायोगे कापड घेण्यासाठी सावकाराचे दार ठोठवावे लागत नाही. परंतु या सर्व तत्त्वांचे मूळ मला त्या वहीत दिसले. ती वही कोणा मालकाच्या मेजावर नव्हती. शिवणारीनेच ती लिहिली होती, आणि जी लिहू शकत नव्हती तिला वाचून दाखविली जात होती.

तेथे सारेच गोड आहे असे मात्र समजू नये. परदेशी मागणी हंगामी असते. मध्ये काही आठवडे यंत्रे गप्प राहतात. मोठ्या कारखान्याचा कुर्ता बाजारात स्वस्त मिळतो, आणि न्यायाची स्तुती करणारा ग्राहकही पुष्कळदा स्वस्त कुर्ताच उचलतो. मावशी आजही एका खोलीत राहतात. "दया नको, बाई, काम पाठवा," एवढेच त्यांनी मला निरोप घेताना सांगितले.

हे मला विशेष लागले, त्यास घरचे कारण आहे. १९७० च्या कायद्याने आपल्याकडे निर्यातीचे कारखाने निघाले आणि त्यांत आपल्या घरोघरच्या मुली कामास गेल्या. माझी थोरली बहीण अशाच एका 'लिझीन'मध्ये बारा वर्षे होती. तिने बारा वर्षे फक्त बाह्या जोडल्या. पुढे जानेवारी २००५ मध्ये कापड-व्यापारावरील जागतिक कोट्याची पद्धत संपली. त्या सुमारास एके सकाळी ती कामावर गेली तो फाटकास कुलूप. तिच्या त्या पगारावर मी शिकले. असे असूनही तिने जोडलेल्या एका बाहीचे मोल किती होते, हे मी तिला कधी विचारले नाही, आणि तिलाही ते कोणी सांगितले नव्हते.

परतताना तिच्यासाठी मी त्या गटातील एक कुर्ता आणला. तिने तो हाती घेऊन प्रथम उलटा केला आणि आतली शिवण बोटाने तपासली. "बाही चांगली बसवली आहे," ती म्हणाली. मग विचारले, "हिला याचे किती मिळाले?"

वहीतला आकडा मला पाठ होता. मी तो सांगितला, मिनिटांसकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग कुर्ता घडी घालून ठेवताना म्हणाली, "त्या बायांना विचार, गळा आणखी थोडा खोल करतील का."

दरवर्षी गणेशोत्सवासाठी आपली मंडळी एका रंगाचे कपडे मागवितात. यंदा मागणी नोंदविण्यापूर्वी माझ्या बहिणीने विचारला तोच प्रश्न आपण विक्रेत्यास विचारावा, अशी माझी विनंती आहे. उत्तर देणारा ग्राहकाकडून चार पैसे अधिक घेईल, हे खरे. परंतु ज्यांच्या पणजोबांचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत राहिला, त्यांनी तरी अंगावरच्या कापडाचा हिशेब न विचारता ते नेसू नये, असे मला वाटते.

असो. पुढील वर्षी पुन्हा भेटू.