एक्क्यांची जोडी

लक्ष्मीपूजनाच्या रात्री पत्त्यांच्या फडाजवळ बसून न खेळणारा मनुष्य आणि पंक्तीत बसून जिलबी नको म्हणणारा मनुष्य, या दोघांकडेही आपला समाज सारख्याच संशयाने पाहतो. मी पहिल्यांपैकी. खेळत नाही, पण पाहतो मात्र डोळे भरून. मराठीच्या प्राध्यापकाला माणसे वाचण्याची इतकी स्वस्त संधी दुसरीकडे कोठे मिळणार?

माझे आजोळ नाकाडोंगरी. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातले, मध्य प्रदेशाच्या सीमेला टेकलेले हे गाव. डोंगरी बुजुर्गची मँगेनीजची खाण तेथून जवळच. दिवाळीत शेतातले धान कापणीला आलेले असते, भाऊबीजेनंतरच्या मंडईचे नि दंडारीचे वेध लागलेले असतात, आणि रात्री कुणाच्या तरी ओसरीवर सतरंजी पडते. खेळ एकच, तीन पत्ती.

वाचकांपैकी जे सज्जन असतील त्यांच्यासाठी या खेळातली एक खोच सांगतो. पाने न पाहता खेळणाऱ्याला, म्हणजे ब्लाइंडला, जेवढे लावावे लागते त्याच्या दुप्पट पाने पाहिलेल्याला लावावे लागते. शेवटी दोघेच उरले आणि त्यांतला एक ब्लाइंड असला, तर रूढ नियमाप्रमाणे शो मागण्याचा अधिकार त्या ब्लाइंडलाच. पाने पाहिलेल्याने एक तर चाल करीत राहावे, नाही तर पाने टाकून उठावे. डोळे मिटून खेळणाऱ्याला सवलत आणि पाहून खेळणाऱ्याला दंड! हा न्याय केवळ पत्त्यांतच आहे, असे मात्र मी म्हणणार नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका मामांना याच खोचेने गाठले. मामांनी पाने उचलली, तर एक्क्यांची जोडी. बाकीचे एकेक करून गळाले आणि समोर उरला एक ठेकेदार. त्याची तीन पाने सतरंजीवर पालथीच. त्याने दहा टाकले, मामांनी वीस. त्याने वीस केले, मामांनी चाळीस. त्याचे चाळीस, मामांचे ऐंशी. त्याचे ऐंशी, मामांचे एकशेसाठ. मामांचे तीनशे गेले होते, त्याचे दीडशे. ठेकेदाराने पाचव्यांदा एकशेसाठ टाकले आणि मिशीवरून हात फिरवला. आता मामांना तीनशेवीस हवे होते, आणि कमरेच्या पिशवीत उरले होते दोनशे.

आता हिशेब पाहू. बावन्न पानांतून तीन पानांचे एकूण २२,१०० हात होतात. एक्क्यांच्या जोडीच्या वरचे हात किती? तीन सारख्या पानांचे ५२, एकाच रंगाच्या क्रमाचे ४८, साध्या क्रमाचे ७२० आणि नुसत्या रंगाचे १,०९६. सारे मिळून १,९१६, म्हणजे शेकडा नऊच्या आत. आपल्या हाती दोन एक्के असल्याने आकडा किंचित हलतो, पण सुमार हाच. चार जण समोर असतील तर त्यांतल्या कुणाकडे तरी वरचढ हात असण्याचा संभव मात्र शेकडा तीसपर्यंत चढतो. म्हणून अशा हाताने आरंभीच मोठी चाल करून गर्दी पांगवावी, हे शहाणपण खरे. परंतु एकटा ब्लाइंड उरला, की मामा दहांत नऊ वेळा जिंकणार होते.

आणि त्या ठेकेदाराच्या दुप्पट करण्याला भिण्याचे कारणही नव्हते. भित्र्या माणसाने दुप्पट लावले तर ती बातमी असते. नेहमीच दुप्पट लावणाऱ्याने लावले तर ती केवळ सवय असते. ज्याने आपली पाने पाहिलीच नाहीत, त्याचा आवेश पानांविषयी काय सांगणार? अशाला उलट डिवचू नये, निमूटपणे बरोबरीची चाल करीत राहावे. डिवचले की तो पाने उचलतो. फुसकी असली तर टाकून देतो, आणि आपल्याहून भारी असली तरच टिकून राहतो. मग दहांत नऊचा हिशेब संपलाच म्हणायचा.

इतके असूनही मामांनी पाने टाकली. कुणी तरी उसने देऊ केले होते, ते त्यांनी घेतले नाहीत. नियमाप्रमाणे ठेकेदाराची पाने न उलटताच गड्डीत गेली. ती काय होती, हे त्यालाही कळले नाही. परतताना मी हळूच विचारले, तेव्हा मामा एवढेच म्हणाले, “पानं तर बेस होती, भाचेबुवा. पन पिशवीतले दोनशे कापणीच्या मजुरीचे होते.”

मामा भ्याले, असे त्या रात्री पुष्कळांना वाटले. मला तसे वाटत नाही. भारी हाताला धोका दुसऱ्याच्या भारी हाताचा असतो, असे आपण समजतो. तो दहांत एकदाच. खरा धोका हात उघडेपर्यंत जी किंमत मोजावी लागते तिचा. ती किंमत चार वेळा दुप्पट झाली, की वीसाचे तीनशेवीस होतात. दहांत एकदा हरायला ज्याची पिशवी पुरत नाही, त्याची नऊ वेळांची जीतही उसनीच.

लीळाचरित्र शिकवताना हे मला नेहमी आठवते. चक्रधरस्वामी त्यांच्या पूर्वाश्रमी, हरिपाळदेव असताना, द्यूतात हरले आणि देणे फेडण्यासाठी त्यांनी पत्नीकडे, कमळाइसेकडे, दागिने मागितले. तिने ते दिले नाहीत. त्या नकाराने त्यांचे मन संसारातून उठले, आणि पुढे रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने ते घराबाहेर पडले. महाराष्ट्राला एक महापुरुष लाभला हे खरे. पण हरणारा प्रत्येक जण चक्रधर होत नसतो, आणि दागिने मात्र घरोघर मागितले जातात.

सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमीला कौशल्याचा खेळ म्हटले आणि तीन पानांच्या खेळाला निव्वळ नशिबाचा. पाने येण्यापुरते ते खरेच आहे. परंतु किती घेऊन बसायचे आणि कोणत्या आकड्याला उठायचे, हे नशीब ठरवीत नाही. तो आकडा पाने उचलण्याआधी ठरवावा; एक्के हाती आल्यावर तो कुणालाच नीट ठरवता येत नाही.

असो. पणत्यांतले तेल संपत आले असेल. घरात जाऊन ते आधी पाहा.