फी माफ झाली, पण खाट कुठे?

मुलींची फी माफ झाल्यावर विद्यापीठात वेगळे जेंडर बजेट कशाला, हा मागच्या अंकातील पत्रलेखकाचा सवाल अपुरा आहे. 2024-25 पासून ठरावीक प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ झाले, हे मोलाचेच. पण जव्हार-मोखाड्याहून पालघरला शिकायला येणाऱ्या मुलीला आधी वसतिगृहात खाट लागते. बोईसरच्या मुलीला संध्याकाळच्या प्रात्यक्षिकानंतर डहाणू लोकल गाठायची असते.

जेंडर बजेट म्हणजे निराळी थैली नव्हे. आहे तो रुपया कोणापर्यंत पोचतो, याचा हिशेब. केंद्र सरकार 2005-06 पासून तसे विवरणपत्र मांडते.

याच पालघर जिल्ह्यात, कोसबाडला, बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली, कारण धाकटी भावंडे सांभाळण्यात मोठ्या मुलांची शाळा बुडे. शिक्षणाआड येणारी अडचण आधी ओळखण्याचा हाच धडा घेऊन मुंबई विद्यापीठाच्या अर्थसंकल्पात पालघरच्या मुलींची खाट, स्वच्छतागृह आणि परतीची बस वेगळ्या रकान्यात दिसली पाहिजे.