बैठकीतला गोलघुमट

विजापूरचा, म्हणजे आजच्या विजयपुऱ्याचा गोलघुमट पाहिला नाही असा माणूस आमच्या जत तालुक्यात शोधूनच काढावा लागेल. तिथे एक टाळी पुन्हापुन्हा परत येते आणि सहलीची पोरे घसा बसेपर्यंत ओरडतात. घुमणे तिथे शोभते. बारा फुटी बैठकीत तेच घडू लागले की घरात कुरबुरी सुरू होतात.

आता आपल्याकडच्या बंगल्यांतही होम थिएटर आले आहे. जुन्या धाब्याच्या घरात मातीचे माळवद, ज्वारीची पोती, वाकळांची चळत. आवाज बराचसा मुरायचा. आता वर स्लॅब, खाली फरशी. जाड पडद्यांनी उंच स्वर सौम्य होतात, पण सबवूफरचा खर्ज पडद्याला भीक घालत नाही. समोरासमोरच्या भिंतींत बारा फुटांचे अंतर असेल तर सेकंदाला सुमारे ४७ कंपनांचा सूर त्यांच्यात अडकतो. भिंतीलगत तो दणदणतो, मधोमध जवळजवळ नाहीसा होतो.

यावर उपाय म्हणून सॉफ्टवेअर निघाली. मायक्रोफोन ठिकठिकाणी ठेवून ती खोलीची नाडी तपासतात. अनेक रिसीव्हरांत ऑडिसी आधीच बसवलेले असते. फारसे न विचारता ते काम उरकते, सामान्य कुटुंबाला पुरते. स्वीडनमधल्या उप्सालाच्या डिराक कंपनीचे सॉफ्टवेअर अधिक बारकाईचे; त्याच्या बास कंट्रोलने एकाहून अधिक सबवूफरांचा मेळ बसतो, पण त्याचे पैसे अनेकदा वेगळे पडतात. रूम ईक्यू विझार्ड फुकट मिळते. ते खोलीचा आलेख काढून देते, पुढचे डोके मात्र आपले. हौशी माणसाने यापासूनच सुरुवात करावी, असे माझे मत. रोग दिसल्याशिवाय औषध का घ्यायचे?

पण या तिघांनाही एक गोष्ट साधत नाही. जिथे सूर फुगला आहे तिथे तो कापता येतो, त्याचे रेंगाळणेही कमी होते. जिथे लाटा एकमेकींना मारून टाकतात, तिथे कितीही जोर लावा, भर पडत नाही. बँकेत आम्ही याला बुडीत खात्याला नवे कर्ज म्हणत असू. त्यापेक्षा सबवूफर हलवावा. तो तात्पुरता आपल्या खुर्चीच्या जागी ठेवून एखादे खर्जातले गाणे लावावे आणि भिंतीच्या कडेकडेने रांगत ऐकावे. जिथे खर्ज सारखा लागेल ती त्याची जागा. (साठीनंतर हे काम नातवाकडे द्यावे.) दोन लहान सबवूफर समोरासमोरच्या भिंतींशी ठेवले, तर एका मोठ्यापेक्षा बऱ्याचदा बरे.

आणि मायक्रोफोन कुणाच्या जागी ठेवायचा? बहुतेक घरांत तो कर्त्या पुरुषाच्या, खोलीच्या मधोमध असलेल्या खुर्चीवर जातो. तिथे खर्ज कमी वाटतो म्हणून तो वाढवतो. भिंतीलगतच्या पलंगावर पडलेल्या आजीच्या छातीत मात्र धडधडते. तिने तक्रार केली, तर ‘वयामुळे वाटतंय’ म्हणून तिची बोळवण होते. ते वयामुळे नाही, भिंतीमुळे आहे. एक माप तिच्या उशाशी घ्यावेच.

भिंतीपलीकडे दहावीचा अभ्यास चालू असेल, तर त्याचे माप कुठलेच सॉफ्टवेअर घेत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. पण ती ज्या पद्धतीने मोजतात, त्यात ५० कंपनांचा सूर तब्बल ३० डेसिबलने कमी धरला जातो. म्हणजे शेजाऱ्याची भांडी थरथरतात आणि कागदावर सारे शांत. रात्री दहानंतर सबवूफरची वायर काढून ठेवायला सॉफ्टवेअर लागत नाही.