हिवाळा, पाणी आणि बालकांचे पथ्य

मार्गशीर्ष लागला की आपल्या चिकित्सालयांचे स्वरूप पालटते. प्रतिश्याय, कास, क्वचित तमकश्वास घेऊन आलेली तीन ते पाच वर्षांची बालके, कानांवर घट्ट बांधलेले रुमाल आणि "पथ्य काय पाळू?" हा मातेचा प्रश्न. उत्तरही ठरलेले असते. सितोपलादि मधातून, छातीला सैंधवयुक्त कोमट तेल आणि शेवटी, जवळजवळ सवयीने, "पाण्यात खेळू देऊ नका." रिद्धपुरात व्यवसाय करताना प्रस्तुत लेखकाने हे वाक्य किती वेळा उच्चारले असेल, याची गणती नाही. गेल्या पौषात एका आजींनी ते आम्हाला परत केले. "डॉक्टरसाहेब, पान्यात जाऊ देत नाही, थंडीत भाईर निंघू देत नाही, तुम्हीच तं सांगतलं. मंग लेकरानं दिवसभर करावं काय?" लेकरू त्यांच्या मांडीवर बसून मोबाइलच्या पडद्यावर बोट फिरवीत होते. प्रश्नाचे उत्तर समोर होते आणि ते आम्हीच लिहून दिलेले होते.

त्या दिवशी सायंकाळी सुश्रुताचे शारीरस्थान पुन्हा उघडले. दहाव्या अध्यायात बालकाला कोठे सोडू नये याची यादी आहे: अशुची जागा, उघडे व विषम स्थान, ऊन, वारा, पाऊस, धूळ, धूर आणि पाणी. आपण या यादीतून 'पाणी' तेवढे उचलले आणि क्रियापद विसरलो. आचार्यांनी निषेध केला आहे तो बालकाला तेथे सोडून देण्याचा. पाण्याला हात लावण्याचा निषेध तेथे आम्हाला तरी दिसत नाही. मूल पाण्याजवळ असावे, परंतु एकटे नसावे, असाच या वचनाचा सरळ अर्थ घ्यावयास हवा. दोन अर्थांत केवढे अंतर आहे! पहिल्याने माता निश्चिंत होते, कारण बंदी घातली की काम संपले. दुसऱ्याने तिला मुलाजवळ बसावे लागते.

कफाचा विचार आपणांस सोडून चालणार नाही, हे मान्य. बाल्यावस्था कफप्रधान, थंडीत कफाचा संचय व वसंतात प्रकोप, हे सर्व खरे. परंतु हेमंतात अग्नी व बल उत्तम असते आणि त्या ऋतूत शास्त्र व्यायाम सांगते, हेही तितकेच खरे. दिवसभर गोधडीत बसविलेल्या मुलाचा कफ कमी होईल, असे मानण्यास कोणता आधार आहे? जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसातून किमान 180 मिनिटे हालचाल आणि पडद्यासमोर बसणे एक तासाहून अधिक नको, असे सुचविले. आपल्याकडे डिसेंबरातही दुपारी पारा बहुधा 28 अंशांच्या आसपास असतो. सकाळच्या कफकाळी पाण्यात हात घालू नये हे योग्यच. परंतु अकरा ते तीन या वेळेत उन्हात, तीळतेलाचा हलका अभ्यंग करून, परातभर कोमट पाण्याशी वीस मिनिटे खेळणाऱ्या निरोगी मुलास अपाय होतो, असे आमच्या पाहण्यात नाही. ज्वर, कर्णशूल वा श्वासाचा वेग असेल तेव्हा अर्थातच वर्ज्य.

मग खेळावे काय? येथे एक तक्रार नोंदवतो. मागील वर्षी एका बालवर्गाच्या 'हिवाळा' या गृहपाठात मुलांना बर्फाचा बाहुला रंगवावयास दिला होता. खिडकीबाहेर तुरीच्या शेंगा दवाने ओथंबल्या होत्या, बागांतून संत्र्यांची तोड चालू होती आणि मूल न पाहिलेल्या बर्फाला गाजराचे नाक काढीत होते. मोर्शी तालुक्याच्या मुलाला हिवाळा शिकवावयाचा तर संत्र्याहून उत्तम साधन कोणते? पाण्याच्या गंजात सालीसह संत्रे सोडावे, ते तरंगते. तेच सोलून, फोडी सुट्या करून सोडावे. फोडी तळाशी जातात. ओझे कमी झाले तरी बुडाले कसे, या प्रश्नाने चार वर्षांचे मूल थक्क होते. सालीच्या आतील स्पंजासारख्या थरात हवा कोंडलेली असते, हे नंतर सांगता येईल. आधी त्याला दहा वेळा करून पाहू द्यावे.

दुसरा खेळ थिजण्याचा. रात्री तीन वाट्यांत खोबरेल, तूप आणि तीळतेल ठेवावे. खोबरेल साधारण 24 अंशांखाली थिजते, त्यामुळे सकाळी त्याची व तुपाची वाटी घट्ट आणि तिळाची पातळ असते. मुलाने थिजलेली वाटी उन्हात नेऊन ठेवावी, वितळताना पाहावी आणि तेच तेल हातांना चोळून घ्यावे. मग त्या हातावर पाण्याचा थेंब टाकला की तो अळूच्या पानावरल्याप्रमाणे गोळा होऊन घरंगळतो. आपण प्रथम वर्षात पाठ केलेले गुर्वादि गुण, शीत-उष्ण, स्निग्ध-रूक्ष, सांद्र-द्रव, गुरु-लघु, मूल या खेळांत नाव न घेता हातांनी शिकते. आम्हांपैकी कित्येकांना ते परीक्षेपुरतेच कळले होते, हे कबूल केलेले बरे.

तिसरा खेळ शेतातला. हरभऱ्याच्या पानांवरील ग्रंथींतून आम्लरस पाझरतो व तो दवात मिसळतो. हीच आपल्या चणकाम्लाची सामग्री. रात्री पिकावर पांघरलेले फडके पहाटे पिळून आंब काढण्याची रीत आपल्या वृद्धांना ठाऊक आहे. नीट गुंडाळलेल्या मुलाला थोडे ऊन वर आल्यावर बांधावर न्यावे आणि पानाला बोट लावून चाटू द्यावे. आंबट दव! मात्र ज्या शेतात फवारणी झाली आहे तेथे हे कदापि करू नये.

यांत नवे असे काही नाही. पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतणे हा माँटेसोरी पद्धतीचा आरंभीचा पाठ आहे. 1926 मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या ताराबाई मोडक यांचा विवाह अमरावतीच्या वकिलांशी झाला होता. बालशिक्षण महाग साधनांवाचून अंगणात नेता येते, हे त्यांनी पुढे कोसबाडला सिद्ध केले. आणि चरकाने बालकाच्या खेळण्यांविषयी सांगितलेले निकष, ती विविध, आवाज करणारी व मनोहर असावीत, जड वा टोकदार नसावीत, तोंडात जाण्याजोगी नसावीत, भीती उत्पन्न करणारी नसावीत, आजच्या कोणत्याही बाजारी खेळण्याला लावून पाहावेत. घरातील गडवा, वाटी आणि मोठा चमचा त्यांत बिनतक्रार उत्तीर्ण होतात.

आता धोक्याविषयी. ही बाजू सौम्य शब्दांत सांगण्याजोगी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अनुमानानुसार 2021 मध्ये जगात सुमारे तीन लक्ष व्यक्ती बुडून मृत्यू पावल्या आणि त्यांत जवळजवळ चतुर्थांश पाच वर्षांखालील बालके होती. लहान मूल बादलीभर पाण्यातही आवाज न करता बुडू शकते. वऱ्हाडातील ज्या गावांत नळ रोज येत नाही, तेथे घरोघरी टाकी, ड्रम, हौद भरून ठेवलेले असतात. त्यांना झाकण आहे काय, हा प्रश्न आपण किती मातांना विचारतो? हिवाळ्यात त्यात उकळत्या पाण्याची बादली आणि तिच्यातील विजेचा रॉड यांची भर पडते. आपण "पाण्यात खेळू देऊ नका" म्हणतो, ते सर्दीच्या भयाने. खरे भय सांगावयाचे राहून जाते. म्हणून खेळाचे पाणी परातीत बोटभर असावे, पिण्यायोग्य असावे (मूल ते पिणारच), मोठे माणूस हाताच्या अंतरावर बसलेले असावे, हातात फोन नसावा आणि खेळ संपताच परात पालथी घालावी. पाणी संत्र्याच्या वा तुळशीच्या बुंध्याशी ओतावे. मोर्शी-वरूडच्या विहिरी किती खोल गेल्या आहेत हे जाणणाऱ्याला याचे कारण सांगावयास नको.

आणखी एक लाभ, जो वैद्यकाच्या सीमेवरचा आहे. ओतणे, उपसणे, शिंपडणे, ठिबकणे, झिरपणे, ओघळणे, थिजणे, निथळणे: पाण्याजवळ बसलेली आजी हे शब्द सहज वापरते आणि मूल ते उचलते. लीळाचरित्र ज्या गावी सिद्ध झाले आणि जेथे आता मराठी भाषा विद्यापीठ आहे, त्या रिद्धपुरात चार वर्षांच्या मुलाला 'निथळणे' माहीत नसावे, हे आम्हाला खटकते. वाक्-विलंबाची तक्रार घेऊन येणाऱ्या पालकांना आम्ही श्रवणपरीक्षणाचा सल्ला देतोच. सोबत परातही सुचवतो.

संघटनेच्या सभासदांस विनंती एवढीच की, चिठ्ठीवरील ते जुने वाक्य खोडावे आणि त्याजागी वेळ, पाण्याचे प्रमाण व जवळ बसणाऱ्या व्यक्तीचे नाते लिहावे. आम्ही गेल्या माघापासून तसे लिहितो: "दुपारी, वीस मिनिटे, बोटभर कोमट पाणी, आजीसमवेत." त्या आजी फाल्गुनात पुन्हा आल्या, त्या स्वतःच्या गुडघ्यांसाठी. नातवाची चौकशी केली तेव्हा म्हणाल्या, "बसून बसून माहेच गुडघे धरले, त्याले काय झालं!"