मेघनादाचा कारखाना

३ सप्टेंबर २०२५ रोजी बीजिंगमध्ये चीनने मोठे लष्करी संचलन केले. दुसऱ्या महायुद्धात जपानवर मिळवलेल्या विजयाला ऐंशी वर्षे झाली, त्याचा हा सोहळा. रशियाचे पुतिन आले होते, उत्तर कोरियाचे किम जोंग उन आले होते. तिआनमेन चौकासमोरून वाहनांवर चढवलेली मानवरहित लढाऊ विमाने गेली, रडारला चकवणारे ‘जीजे-११’ गेले, पाण्याखालून चालणारी लांबलचक ड्रोनही गेली. असे काही पाहिले की चर्चा ठरलेली असते : कोणाचा पल्ला किती, कोण किती बॉम्ब नेतो, आपल्याकडे त्याला उतारा आहे की नाही. संचलनाचा हेतूही तोच असतो. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा यावा.

युद्धशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. मी बँकेत उमेद घालवलेला आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा माणूस. पण कर्ज मागायला आलेल्या कारखानदाराचे दालन कितीही चकचकीत असले तरी आधी त्याचे गोदाम पाहावे, एवढे त्या नोकरीने शिकवले. कच्चा माल कुठून येतो? साठा किती दिवसांचा? पुरवठादाराने हात आखडता घेतला तर यंत्रे किती दिवस चालतील? चीनच्या ड्रोनकडे मी याच नजरेने पाहतो, आणि मला वाटते, त्या देशाची खरी ताकद बीजिंगच्या रस्त्यावर दिसलीच नाही. ती दूर दक्षिणेला, शेन्झेन शहरात आहे.

शेन्झेन हे हाँगकाँगला लागून असलेले, गेल्या चार-साडेचार दशकांत उभे राहिलेले कारखान्यांचे महानगर. तिथे २००६ साली वांग ताओ या तरुण अभियंत्याने डीजेआय ही कंपनी काढली. आपल्याकडे लग्नात मांडवावर घोंगावत चित्रीकरण करणारे चार पंख्यांचे यंत्र आता पोराटोरांच्याही ओळखीचे झाले आहे. ते बहुधा याच कंपनीचे असते. जगात विकल्या जाणाऱ्या नागरी ड्रोनपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक एकट्या डीजेआयची, असा अंदाज अनेक वर्षे दिला जातो. पण कंपनीपेक्षाही महत्त्वाची आहे ती तिच्या भोवतीची वस्ती. मोटर, पंखा, बॅटरी, कॅमेरा, मोटरीचा वेग सांभाळणारे सर्किट, सगळे तिथे हाताच्या अंतरावर मिळते. मोबाइल फोनच्या धंद्याने यातले बरेच भाग आधीच स्वस्त करून ठेवले होते. एका अर्थी ड्रोन म्हणजे पंख फुटलेला मोबाइलच.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली आणि हे लग्नातले यंत्र खंदकांवर घोंगावू लागले. दोन्ही सैन्ये ते वापरू लागली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये डीजेआयने दोन्ही देशांतला आपला व्यवसाय थांबवला. पण माल तिसऱ्या-चौथ्या हाताने पोचत राहिला. पुढे दोन्ही देश स्वतःच लाखोंनी ड्रोन बनवू लागले. त्यांच्या पोटात मोटरी चिनी, बॅटऱ्या चिनी. भांडणाऱ्या दोघांनी एकाच दुकानातून काठ्या न्याव्यात आणि दुकानदाराने दोघांकडून पैसे मोजून घेत ‘आम्ही कोणाच्याच बाजूचे नाही’ म्हणावे, तसा हा प्रकार.

आता थोडा हिशेब पाहू. डोळ्यांवरच्या पडद्यात पाहत चालवायचे आणि लक्ष्यावर नेऊन आदळायचे छोटे ड्रोन आपल्या चलनात चाळीस-पन्नास हजारांत तयार होते. त्याने निकामी होणारा रणगाडा कोट्यवधींचा. रशियाने वापरलेले इराणी बनावटीचे ‘शाहेद’ ड्रोन ढोबळमानाने वीस ते चाळीस लाखांचे. ते पाडायला अमेरिकी ‘पेट्रियट’ यंत्रणेचे एक क्षेपणास्त्र खर्ची घातले तर गेले तीस-पस्तीस कोटी. शंभर रुपयांची थकबाकी वसूल करायला दहा हजारांचा वकील लावावा असा हा व्यवहार. एकदा-दोनदा अब्रूसाठी परवडेल. रोज रात्री कोण करील? उद्याच्या युद्धात कोण हरतो हे पुष्कळदा अशा वजाबाकीतूनच ठरणार आहे.

चीनची मोठी लढाऊ ड्रोन ही या कथेची दुसरी बाजू. ‘विंग लूंग’, म्हणजे पंखवाला ड्रॅगन, आणि ‘चायहाँग’, म्हणजे इंद्रधनुष्य, ही त्यांतली दोन गाजलेली घराणी. क्षेपणास्त्रांच्या प्रसारावर अंकुश ठेवण्यासाठी १९८७ साली काही देशांनी एक करार केला. त्याचे कारण सांगून अमेरिका आपली सशस्त्र ड्रोन अनेक मित्रांनाही विकत नव्हती. चीन त्या करारात नव्हता. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, इजिप्त, इराक, पाकिस्तान, नायजेरिया असे एकेक गिऱ्हाईक चिनी पेढीवर आले. किंमत कमी आणि प्रश्न त्याहून कमी. सगळाच माल अस्सल होता असे नाही. जॉर्डनने आपली ‘सीएच-४’ ड्रोन २०१९ साली चक्क विकायला काढली. पण तक्रारी आल्या तरी दुकान चालूच राहिले.

या दुकानदारीचा अर्थ एका तारखेने कळतो. ४ जानेवारी २०२० रोजी लिबियाची राजधानी त्रिपोली इथल्या लष्करी अकादमीच्या मैदानात तरुण कॅडेट रांगेत उभे होते. हातात शस्त्र नव्हते. आकाशातून एक क्षेपणास्त्र आले आणि २६ जण गेले. पुढे बीबीसीने केलेल्या तपासाचा निष्कर्ष असा, की क्षेपणास्त्र चिनी, ते सोडणारे विंग लूंग-२ चिनी, आणि ते चालवणारे अमिरातीचे. मारणारा, मरणारा आणि माल पुरवणारा असे तीन देश, आणि चालवणाऱ्याच्या अंगावर ओरखडाही नाही.

चीनने स्वतः शेवटचे मोठे युद्ध केले ते १९७९ साली, व्हिएतनामशी. म्हणजे त्याच्या सैन्याला आजच्या लढाईचा अनुभव नाही. परंतु त्याच्या मालाला आहे. लिबियात, येमेनमध्ये, युक्रेनच्या चिखलात त्याची परीक्षा होत राहिली आणि तिचे धडे चीनला घरबसल्या मिळत गेले.

पुढे काय येणार याची चाहूलही लागली आहे. २०१७ साली एका चिनी सरकारी कंपनीने ११९ छोट्या विमानांचा थवा एकत्र उडवून दाखवला. सप्टेंबर २०२४ मध्ये शेन्झेनच्या आकाशात १०,१९७ ड्रोननी एकाच वेळी दिव्यांची चित्रे काढली आणि विक्रम नोंदवला. दिव्यांचा खेळ ठरलेल्या रेषांवर चालतो आणि लढाईत रेषा ठरलेल्या नसतात, हे खरे. तरीही इतकी यंत्रे एकमेकांना न धडकता उडवण्याचे कसब युद्धातही कामी येणारच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चुहाई इथल्या विमान प्रदर्शनात ‘जियुतियान’ नावाचे एक मोठे मानवरहित विमान मांडले होते. पोटात छोट्या ड्रोनचा थवा वाहून न्यावा आणि हवेतच सोडावा, ही त्यामागची कल्पना.

या थव्याचा पहिला रोख तैवानकडे असेल असे जाणकार मानतात. तैवानच्या ताब्यातली किनमेन बेटे चीनच्या किनाऱ्यापासून अवघ्या काही किलोमीटरवर आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या पहाऱ्यावरच्या सैनिकांच्या डोक्यावर चीनकडून आलेले एक साधे नागरी ड्रोन येऊन थांबले. सैनिकांनी काय करावे? त्यांनी दगड मारले! ते चित्रीकरण चिनी समाजमाध्यमांवर टिंगलीचा विषय झाले. काही दिवसांतच, १ सप्टेंबरला, तैवानने असे एक ड्रोन गोळी घालून पाडले. मला मात्र ते दगड विसरता येत नाहीत. आपला शेतकरी माळ्यावर उभा राहून गोफणीने पाखरे उडवतो, तशी एकविसाव्या शतकातल्या सुसज्ज सैन्यावर पाळी आली.

रामायणात मेघनाद ढगांआड लपून बाण सोडतो. बाण दिसतात, सोडणारा दिसत नाही. वानरसेना हवालदिल होते. पण त्याचा पाडाव आकाशात होत नाही. निकुंभिलेत त्याचा यज्ञ चालू असतो. तो पुरा झाला तर तो अजिंक्य ठरणार. बिभीषण ती जागा दाखवतो, आणि लक्ष्मण यज्ञ मोडून त्याला गाठतो. ड्रोनची निकुंभिला म्हणजे त्याच्या सुट्या भागांचे कारखाने. चीनला हे आपल्या आधी कळले. १ सप्टेंबर २०२३ पासून त्याने ड्रोनच्या काही भागांच्या निर्यातीवर निर्बंध आणले. एप्रिल २०२५ मध्ये सात दुर्मिळ मूलद्रव्ये आणि त्यांची चुंबके परवान्याखाली घातली. चिमुकल्या मोटरीला ताकद देणारी अशी चुंबके बहुतांशी चीनमध्येच तयार होतात. म्हणजे यज्ञ त्याचा आणि समिधाही त्याच्याच. इतरांनी आपला यज्ञ मांडला तर समिधा देणे न देणे त्याच्या मर्जीवर.

आपण यात कुठे आहोत? मे २०२५ च्या संघर्षात ८ आणि ९ तारखेच्या मधल्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी तीनशे ते चारशे ड्रोन पाठवले, असे आपल्या प्रवक्त्यांनी सांगितले. ती तुर्की बनावटीची असावीत असा प्राथमिक निष्कर्ष होता. पण चिनी विंग लूंग-२ आणि सीएच-४ ही पाकिस्तानच्या ताफ्यात आहेत. आपल्याकडेही काम चालू आहे. मुंबईच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या तरुणांची ‘आयडियाफोर्ज’ नवी मुंबईतून लष्कराला टेहळणीची ड्रोन देते. ‘थ्री इडियट्स’ चित्रपटातले ते उडते यंत्र त्यांचेच. नागपूरच्या कारखान्यातले ‘नागास्त्र’ २०२४ मध्ये लष्कराच्या हाती गेले. अभिमान वाटावा अशाच या गोष्टी.

पण गोदाम पाहायची सवय सुटत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. सुट्या भागांना मात्र मुभा ठेवली. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये चारशे मालवाहू ड्रोनची सुमारे २३० कोटींची कंत्राटे रद्द झाल्याची बातमी आली. कारण, आत चिनी भाग. सीमेवर ज्याच्याशी गाठ त्याच्याच मोटरीवर आपला डोळा फिरणार असेल, तर त्या डोळ्याला काय दिसेल आणि काय दिसू दिले जाणार नाही, हे कोणी ठरवायचे? वरच्या ‘स्वदेशी’ शिक्क्यावर जाऊ नये. चुंबक, मोटर, चिप आणि बॅटरी इथे बनवण्याचे कंटाळवाणे काम दहा-पंधरा वर्षे नेटाने करावे लागेल. त्यात फिती कापण्याचे प्रसंग कमी येतात, म्हणून तर ते मागे पडते.

आता या लेखातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट. सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचे गाव आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिथून मुले फौजेत जातात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. तिथली एखादी आई म्हणेल, माझ्या मुलाऐवजी यंत्र पुढे जात असेल तर वाईट काय? तिला उत्तर देण्याची माझी प्राज्ञा नाही. तिचे बरोबरच आहे. पण तिच्या मुलाचा जीव हा युद्धाच्या वाटेतला सर्वांत मोठा अडसरही होता. शवपेट्या येतील या भीतीने राज्यकर्ते दहा वेळा विचार करत. कर्ज स्वस्त झाले की ज्याला गरज नाही तोही काढतो, हे मी खुर्चीत बसून पाहिले आहे. युद्ध स्वस्त झाले की दुसरे काय होणार? आणि फेडायची वेळ येते तेव्हा हप्ते त्रिपोलीच्या मैदानात उभी असलेली कोणाची तरी मुले भरतात.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे नेम धरण्याचा निर्णयही यंत्रावर सोपवायचा. रेडिओलहरी अडवल्या की चालकाचा ड्रोनशी संबंध तुटतो; म्हणून ड्रोनलाच ठरवू द्यावे, हा मोह चीनला आहे, अमेरिकेला आहे, आपल्यालाही आहे. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत अशा स्वयंचलित शस्त्रांबद्दल चिंता व्यक्त करणारा ठराव १५२ मतांनी संमत झाला. चीन तटस्थ राहिला. भारताने विरोधी मत दिले. या विषयाला जिनिव्हाची चर्चा हेच योग्य व्यासपीठ आहे, ही आपली भूमिका. भूमिका तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेल, पण चर्चा रेंगाळते आणि कारखाना रेंगाळत नाही. आपण तिथे बोलले पाहिजे, आणि पुढाकार घेऊन बोलले पाहिजे.

बोलायचे काय, तेही फार अवघड नाही. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन माणसांकडे असतात. दोघेही प्रामाणिक असले तरी नियम बदलत नाही, कारण घाईत, भीतीत, झोपेत एकट्याचा हात चुकतो. नोटांच्या गड्ड्यांसाठी आपण एवढी काळजी घेतो. माणूस मारण्याच्या निर्णयाची एक किल्ली यंत्राकडे गेलीच आहे, असे समजून चालू. दुसरी तरी माणसाच्या हातात राहू द्या, असे म्हणण्याची वेळ अजून गेलेली नाही.