सूज आणि बाळसे

सुजेला बाळसे समजू नये, असे आपल्याकडे पूर्वापार सांगतात. बाळसे राहो, सुजेला निदान सूज तरी समजावे, एवढीच आज वाचकांना विनंती आहे.

विषय थोडा नाजूक आहे. वयात येताना पुष्कळ मुलांची छाती उभारते. बहुतेकांची दोनेक वर्षांत आपोआप बसते. काहींची बसत नाही. मग मुलगा सैल सदरे घालतो, पोहायला जाणे टाळतो आणि घरची माणसे त्याला लाजाळू ठरवून मोकळी होतात. हे दुखणे काही आजचे नव्हे. सातव्या शतकात पॉल नावाच्या ग्रीक वैद्याने यावरील शस्त्रक्रिया लिहून ठेवली आहे.

आमच्या धायरीतल्या एका तरुणाने ती करून घेतली. दर रविवारी सिंहगड चढणारा हा गडी चौथ्या दिवशी आरशापुढे उभा राहिला आणि मला म्हणाला, “सर, पैसे पाण्यात गेले. छाती होती तशीच आहे!”

पैसे पाण्यात गेले नव्हते. पाणीच छातीत आले होते. कापलेल्या जागी रक्तातला द्रव झिरपतो, म्हणून पहिल्या काही दिवसांत सूज वाढते. तीनचार आठवड्यांत बरीचशी ओसरते; उरलेली जायला तीन ते सहा महिने लागतात. घट्ट बंडी साधारण चार ते सहा आठवडे घालायची ती ही सूज दाबून धरण्यासाठीच. बधिरपणा काही महिने टिकतो, आणि व्रण फिका पडायला वर्षही लागते.

पण धीर धरणे वेगळे आणि दडवणे वेगळे. पहिल्या एकदोन दिवसांत एकच बाजू अचानक फुगली, ताठरली, ठणकू लागली, तर आत रक्त साचले असण्याचा संभव असतो. तेव्हा सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे. पुढे त्वचेखाली पाणी डचमळले, तर ते सुईने काढता येते. ताप, वाढती लाली, पू किंवा धाप ही लक्षणेही लाजून लपवण्याची नव्हेत. कच्ची सूज कापणारा आणि पिकलेलीची उपेक्षा करणारा, अशा दोघांनाही सुश्रुताने एकाच पंक्तीला बसवले आहे. घाई आणि हयगय त्याच्या लेखी सारखीच!

आता घरच्यांसाठी दोन शब्द. दिवाळीचे दिवस आहेत. अभ्यंगस्नान प्रेमाने घालावे, पण ताज्या टाक्यांवर तेल-उटणे चोळू नये. बधिर कातडीला शेकही देऊ नये; भाजलेले कळत नाही. विडी-सिगारेटने जखम उशिरा भरते. गव्हाचे पोते उचलायला त्याला महिना-दीड महिना तरी बोलावू नये. काढलेली गाठ तपासणीला पाठवली असल्यास तो कागद जपून ठेवावा.

आणि वडिलांनी ‘हे नसते उद्योग कशाला केलेस?’ हा प्रश्न गिळावा. ज्या घरात या प्रश्नाचे भय असते, तिथला मुलगा रात्री छाती फुगली तरी कोणाला उठवत नाही. आमच्या त्या तरुणाची सूज उतरते आहे. डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत रविवारी तो घरीच असतो. सिंहगड कुठे पळून जात नाही.