टपाल तिकिटांची वाटणी

आमच्या शाळेच्या कपाटात टपाल तिकिटांची एक जुनी वही आहे. कुणा निवृत्त शिक्षकाने ती मागे ठेवली. आठवीच्या वर्गात एकदा आम्ही ती मुलांना दाखवली आणि मग सांगितले, "परदेशी पाहुण्याने आपल्या देशात येऊन काय पाहावे? त्याचे एक तिकीट काढा." निम्म्याहून अधिक मुलांनी ताजमहाल काढला. काहींनी लाल किल्ला, काहींनी हैदराबादचा चारमिनार. यांपैकी एकही वास्तू त्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेली नाही. शाळेपासून एस.टी.ने अर्ध्या तासावर असलेला दौलताबादचा चांदमिनार मात्र एकाही कागदावर नव्हता. वेरूळ, अजिंठा तर नव्हतेच. वेरूळ का नाही, असे विचारले तेव्हा एक हुशार मुलगा सहज म्हणाला, "सर, वो अपना थोडीच है!"

मुलगा चुकला म्हणून आम्ही रागावलो नाही. हा शब्द त्याने घरातून, मोहल्ल्यातून आणि कदाचित आमच्या स्टाफरूममधूनच उचलला होता. हे 'आपले' आणि 'त्यांचे' ठरवले कुणी, हाच आमचा प्रश्न आहे.

त्या वहीत स्वतंत्र भारताची पहिली मोठी चित्रमालिका आहे. १५ ऑगस्ट १९४९ ला ती निघाली. एकूण सोळा तिकिटे. सर्वांत स्वस्त तीन पैच्या तिकिटावर अजिंठ्याचे शिल्प, नऊ पैच्या तिकिटावर घारापुरीची त्रिमूर्ती. पुढे नटराज, सांची, बोधगया, खजुराहोचे कंदारिया महादेव मंदिर, अमृतसरचे सुवर्णमंदिर, चितोडचा विजयस्तंभ. सहा आण्यांना विजापूरचा गोल घुमट, दोन रुपयांना लाल किल्ला, पाच रुपयांना ताजमहाल, दहा रुपयांना कुतुबमिनार. सर्वांत महाग पंधरा रुपयांचे तिकीट पालिताण्याच्या जैन मंदिराचे.

ही तारीख वाचकांनी नीट पाहावी. फाळणीला फक्त दोन वर्षे झाली होती. गांधीजींच्या खुनाला दोन वर्षेही पूर्ण झाली नव्हती. दिल्लीतल्या छावण्यांतले अश्रू वाळले नव्हते. अशा वेळी, कुतुबमिनार आणि गोल घुमट कशाला, असे म्हणणारे काय कमी असतील? तरीही ती तिकिटे छापली गेली, देशभरातल्या पाकिटांवर चिकटली आणि परदेशातही गेली. आम्ही कोण आहोत, हे त्या देशाने जगाला सोळा चित्रांत सांगितले. त्यात कुणी कुणावर मेहेरबानी केलेली नव्हती.

आता त्याच वहीतले दुसरे पान. निजामाच्या संस्थानाने १९३१ पासून चित्रांची तिकिटे काढली. त्यांत चारमिनार आहे, बिदरचा महमूद गवानचा मदरसा आहे आणि एक रुपयाच्या तिकिटावर आमचा हाच चांदमिनार आहे. आणि आठ आण्यांच्या तिकिटावर काय आहे? अजिंठ्याच्या लेण्यांचे प्रवेशद्वार! मुसलमान राजाच्या टपालावर बौद्ध लेणी. त्या संस्थानाच्या जुन्या तिकिटांवर किंमतही उर्दू आणि इंग्रजीबरोबर मराठीत व तेलुगूत छापलेली असे. संस्थानाचे पुरातत्त्व खाते १९१४ मध्ये सुरू झाले. त्याचे पहिले संचालक गुलाम यजदानी. अजिंठ्याची चित्रे वाचवण्यासाठी त्यांच्या काळात इटलीहून तज्ज्ञ बोलावले गेले. यजदानींनी अजिंठ्यावर चार भागांचा ग्रंथ लिहिला. यजदानींना कुणी विचारले नाही की, मियाँ, ही लेणी तुमची थोडीच आहेत! कुणी विचारले असेल तर त्यांनी ऐकले नाही.

हे निजामाचे गोडवे गाण्यासाठी लिहीत नाही. रझाकारांनी काय केले हे मराठवाडा विसरलेला नाही आणि आम्हीही विसरता कामा नये. राजवट वाईट असू शकते. पण तिच्या काळात एका विद्वानाने केलेले काम खोटे ठरत नाही.

मग आज काय बिघडले? एका बाजूला हिशेबनीस बसले आहेत. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशच्या पर्यटन खात्याच्या पुस्तिकेत ताजमहालाचा उल्लेखच नव्हता. २०२३ मध्ये बारावीच्या इतिहासाची जी पुस्तके आली त्यांतून मुघल दरबारांचे प्रकरण गायब झाले. जगभरचा प्रवासी आग्र्याला येतो तो ताज पाहायला, आणि आमच्याच लोकांना तो नजरेआड करायचा आहे! या लोकांशी आमचे भांडण आहे आणि ते आम्ही उघडपणे मांडतो.

परंतु खेदाने म्हणावेसे वाटते की दुसऱ्या बाजूला आमचेही हिशेबनीस आहेत. नवे तिकीट निघाले की हे विचारतात, "यात आपले किती?" घुमट दिसला की छाती फुगते, लेणे दिसले की मान वळते. आम्ही शाळेची सहल वेरूळला न्यायचे ठरवले तेव्हा एका प्रतिष्ठित पालकाने आक्षेप घेतला. "वहाँ तो सब मूर्तियाँ हैं, बच्चों को वहाँ क्या सिखाओगे?" आम्ही विचारले, "दौलताबादला नेले तर चालेल?" उत्तर आले, "वहाँ है ही क्या?" म्हणजे 'त्यांचे' पाहायचे नाही आणि 'आपले' ठाऊक नाही! सुमारे १४४५ मध्ये बहमनी सुलतानाने उभारलेला चांदमिनार आमच्या पोरांना माहीत नाही, आणि तो कुणी पुसून टाकेल म्हणून आम्ही भाषणे करतो. जे आम्ही स्वतःच पाहिले नाही, ते वाचवण्याची मागणी कोणत्या तोंडाने करणार?

कुणी म्हणेल, नोकऱ्या नाहीत, घर भाड्याने मिळत नाही, आणि तुम्ही तिकिटे घेऊन बसलात! प्रश्न रास्त आहे. पण घर नाकारणारा माणूस आधी मनात म्हणतो की हा इथला नाही. त्या समजुतीला उत्तर भाषणाने देता येत नाही. सगळ्या देशावर जो हक्क सांगतो तोच आपल्या कोपऱ्यावरचा हक्क टिकवतो. सोळांतली चार चित्रे मागणाऱ्याला लोक चारच देतील आणि पुढे त्यांतलीही दोन काढून घेतील. आमचा दावा सोळाच्या सोळांवर आहे. नटराज आमचा आहे, सुवर्णमंदिर आमचे आहे. श्रद्धेने नसेल, वारशाने आहे. आणि त्याच वारशाने ताजमहाल हा शेजारच्या देशपांड्यांचा आणि कांबळेंचाही आहे, हे त्यांनीही मानले पाहिजे.

म्हणून उर्दू शाळांतील आमच्या सहकाऱ्यांना विनंती आहे. वर्षाला एक सहल अशी काढा की सकाळी दौलताबाद, दुपारी वेरूळ आणि संध्याकाळी खुलताबादचे दर्गे. मुलांना उर्दूत लिहू द्या, मराठीत लिहू द्या. मराठी शाळेच्या गुरुजींनाही बरोबर बोलवा.

१९४९ च्या त्या मालिकेत एक गंमत झाली होती. एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती आरशात दिसावी तशी उलटी छापली गेली. चूक लक्षात आल्यावर खात्याने १९५० मध्ये चित्र सुलटे करून तिकीट पुन्हा छापले. उलटे छापलेले दुरुस्त करता येते, पण त्यासाठी मूळ मूर्ती कुणीतरी पाहिलेली असावी लागते.

आमची सहल शेवटी वेरूळला गेली. तो हुशार मुलगा कैलास लेण्यापुढे बराच वेळ मान वर करून उभा होता. परतताना बसमध्ये त्याने विचारले, "सर, वो तिकीटवाला कागज फिरसे मिलेगा क्या?"